जुना जन्मदाखला वाचताना: कोणता रकाना कोणाच्या तोंडचा?

पणजोबांचा जन्मदाखला हाती आला की नजर आधी जन्मतारखेवर जाते आणि बहुतेकदा तिथंच थांबते. वंशावळ जुळवणाऱ्याने उलटीकडून सुरुवात करावी. आधी वर्दी, म्हणजे जन्माची खबर, कोणी दिली ते पाहा, मग नोंद कधी झाली ते, मग पेठ किंवा गाव, आणि जन्मतारीख सगळ्यांत शेवटी. रजिस्टरातलं सगळं ऐकीव असतं. कोणीतरी चावडीवर किंवा नगरपालिकेत येऊन सांगितलं, कारकुनाने त्याच्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं, आणि पुढं पन्नास वर्षांनी दुसऱ्याच कोणी त्याची नक्कल करून तुम्हाला दिली. म्हणून प्रत्येक रकान्याला एकच प्रश्न विचारायचा: हे कोणी सांगितलं, आणि त्याला ते कसं माहीत? बापाने स्वतः तिसऱ्या दिवशी दिलेली वर्दी आणि कोतवालाने महिन्याच्या शेवटी एकदम सांगितलेल्या दहा वर्द्या, दोन्ही एकाच शाईत उतरतात, पण वजन सारखं नसतं.

हातात आहे तो कागद नेमका कोणता

कागदावर तीन तारखा शोधा: जन्माची, नोंदणीची आणि दाखला दिल्याची. जन्म आणि नोंदणी यांत काही दिवसांचंच अंतर असेल तर नोंद ताजी आहे, तिच्यावर भिस्त ठेवायला हरकत नाही. जन्म १९३२ चा आणि नोंदणी १९७८ ची असेल, तर तो कागद १९३२ चा पुरावाच नव्हे. नोकरी, पेन्शन किंवा पासपोर्टासाठी त्या वेळी प्रतिज्ञापत्र करून घातलेली ती नोंद आहे. अशा नोंदीच्या शेरा रकान्यात आदेशाचा क्रमांक आणि तारीख असते. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा आपल्याकडे १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. एक वर्षाहून जास्त उशीर झालेली नोंद त्या कायद्यात प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नव्हती. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यासाठी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला. शेऱ्यातला आदेश क्रमांक टिपून ठेवा. त्या अर्जाला जोडलेले शाळेचे दाखले आणि वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं यांत कधी कधी दाखल्यापेक्षा जास्त मजकूर असतो.

दाखला आणि रजिस्टराचं पान यांतही फरक आहे. आज मिळतो तो छापील दाखला म्हणजे नमुना ५: नाव, लिंग, जन्मतारीख, जन्मस्थळ, आईवडिलांची नावं, पत्ता, नोंदणी क्रमांक. जुन्या रजिस्टरात याहून जास्त रकाने असायचे. जात किंवा धर्म, बापाचा धंदा, वर्दी देणाऱ्याचं नाव, त्याची सही किंवा आंगठा. वंशावळीचा जीव या रकान्यांत असतो आणि छापील दाखल्यावर नेमके तेच उतरत नाहीत. म्हणून अर्ज करताना "दाखला हवा" एवढं म्हणून थांबू नका. "मूळ नोंदवहीतील पानाची साक्षांकित नक्कल मिळावी" असं स्पष्ट लिहा.

संगणकातून निघालेल्या दाखल्यात आणखी एक भानगड असते. मूळ नोंद मराठीत, संगणकात इंग्रजीत भरलेली, आणि छापताना पुन्हा मराठी. या येरझाऱ्यांत ळ चा ल होतो, ण चा न, त चा ट. काळे 'काले' होतात, तावरे 'टावरे', आणि ढमढेरे तर ओळखू येण्यापलीकडे जातात. आडनाव विचित्र दिसलं की लगेच "आपलं मूळ आडनाव वेगळं होतं" असा शोध लावू नये. आधी पान पाहावं.

पुण्यात जन्म म्हणजे कोणाच्या दप्तरात?

नोंद जन्म झाला त्या जागी होते. कुटुंब कुठं राहत होतं याला महत्त्व नाही. निम्मा शोध या एका नियमापाशी अडतो. पुण्याबाबत तर अडतोच, कारण ज्याला आज आपण सरसकट पुणे म्हणतो तो भाग तीनचार वेगवेगळ्या दप्तरांत विभागलेला आहे.

पेठांतला जन्म असेल तर नोंद पुणे नगरपालिकेच्या रजिस्टरात, जी १९५० पासून महानगरपालिका झाली. कॅम्पातला, म्हणजे जुन्या बोलीत 'लष्करातला' जन्म असेल तर तो पुणे छावणी मंडळाकडे, म्हणजे कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे. खडकी आणि देहूरोड यांची छावणी मंडळं आणखी वेगळी. भवानी पेठेतलं घर आणि पाच मिनिटांवरचं लष्करातलं घर यांच्या नोंदी दोन ठिकाणी सापडतात. महापालिकेत "नोंद आढळत नाही" म्हणून मागं फिरलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी छावणीत विचारलेलंच नसतं.

तिसरा गट गावांचा. पर्वती, एरंडवणे, कोथरूड, हडपसर, पाषाण ही आपापल्या काळी हवेली तालुक्यातली मौजे होती आणि त्यांच्या नोंदी गावच्या वहीत होत. भांबुर्डे हे नाव दिसलं तर ते आजचं शिवाजीनगर. शहराची हद्द टप्प्याटप्प्याने वाढत गेली. अलीकडचे मोठे टप्पे १९९७, २०१७ (११ गावं) आणि २०२१ (२३ गावं). त्यामुळे आज महापालिकेत असलेल्या गावातला १९४० चा जन्म महापालिकेच्या रजिस्टरात शोधून उपयोग नाही. तो हवेली तहसिलीच्या अभिलेख कक्षात बघावा लागतो. पिंपरी-चिंचवडचीही तीच गत. तिथं नगरपालिका १९७० साली आली, त्याआधीचं सगळं गावच्या दप्तरात.

पेठांची नावंही बदलली आहेत. गुरुवार पेठ पूर्वी वेताळ पेठ होती, गंज पेठ आता महात्मा फुले पेठ आहे. पत्त्यातला घर नंबर हा त्या वेळचा म्युनिसिपालटीचा नंबर की सिटी सर्व्हे नंबर, हे ठरवल्याशिवाय जागा शोधायला निघू नका. दोन्ही आकडे एकाच घराचे असूनही जुळत नाहीत. आणि पत्त्यात 'अमुक वाडा' लिहिलं असेल तर वाडा आपलाच होता, असं समजून छाती फुगवू नये. वाड्यात एक मालक आणि आठदहा बिऱ्हाडं असायची. मालक कोण, हे सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावरून कळतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं: पहिलं बाळंतपण माहेरी. सदाशिव पेठेत राहणाऱ्या घरातला थोरला मुलगा जुन्नर, सासवड किंवा थेट कोकणातल्या आजोळच्या गावी जन्मलेला असतो आणि त्याची नोंदही तिथंच असते. धाकटी भावंडं मात्र पुण्याच्या रजिस्टरात सापडतात. थोरल्याची नोंद मिळत नसेल तर आधी पणजीचं माहेर शोधा. उलटही होतं. बाहेरगावची बाई ससूनमध्ये बाळंत झाली, तर नोंद पुणे शहरात आणि घराणं मात्र दौंडचं. अशा वेळी जन्मस्थळ आणि कायमचा पत्ता हे दोन रकाने वेगवेगळे वाचावेत.

१८९७ च्या प्लेगपासून पुढची काही वर्षंही ध्यानात ठेवा. साथ आली की शहरातली माणसं गाव सोडून शेतात, झोपड्यांत, नातलगांच्या गावी जात. त्या वर्षांतलं एखादं मूल अचानक भलत्याच मौज्यात जन्मलेलं दिसलं तर गोंधळून जाऊ नका. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या घरांमधले कागद वाहून गेले. घरातल्या दाखल्यावर देण्याची तारीख १९६१-६२ ची असेल तर तो बहुधा वाहून गेलेल्या कागदाच्या जागी काढलेला आहे.

लष्करातल्या गोऱ्या पलटणींच्या आणि ख्रिस्ती कुटुंबांच्या बाबतीत बाप्तिस्म्याची रजिस्टरं जास्त कामाची. त्यांच्या प्रती लंडनला जात आणि आज त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे जन्मतारीख नव्हे, दोन्ही रकाने असतात. १८८६ चा नोंदणी कायदा ऐच्छिक होता, तेव्हा त्यात नोंद नसणं याला काही अर्थ काढू नये.

गावची वही: नमुना १४

गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये होत असे. लोक तिला सरसकट 'कोतवाल बुक' म्हणतात. १९५१ मध्ये कुलकर्णी वतनं खालसा होईपर्यंत लिखाण बहुतेक कुलकर्ण्याच्या हातचं, म्हणजे मोडी लिपीत. पुढं तलाठी आले आणि बाळबोध, म्हणजे देवनागरी, अक्षर वाढत गेलं. २०२३ साली कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्या. शिंदे समितीच्या कामामुळे अशा लाखो पानांवरून नजर फिरली आणि बऱ्याच जिल्ह्यांत त्यांचं स्कॅनिंग झालं. तेव्हा तहसिलीत जाण्याआधी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर तुमच्या गावाची पानं चढवली आहेत का, ते जरूर पाहा.

या वहीत बाळाचं नाव शोधू नका. बहुतेक वेळा ते नसतंच. वर्दी पहिल्या काही दिवसांत जायची आणि बारसं बाराव्या दिवशी. त्यामुळे नोंद अशी असते: तारीख, बापाचं नाव, जात, 'मुलगा' किंवा 'मुलगी'. मग आपलाच आजोबा हा, हे ओळखायचं कसं? बापाच्या नावाच्या सगळ्या नोंदी, पुढची-मागची पंधरा वर्षं धरून, एका कागदावर उतरवा. जन्मही आणि मृत्यूही. मृत्यूच्या बाजूला 'अमक्याचा मुलगा, उमर २ महिने' असं दिसलं की यादीतून एक जन्म खोडा. उरलेल्यांत हयात भावंडांचा क्रम लावा. दोन जन्मांत नऊ महिन्यांहून कमी अंतर निघालं आणि शेऱ्यात 'जुळे' नसेल, तर त्याच नावाचे दोन बाप गावात आहेत किंवा एकाच माणसाच्या दोन बायका आहेत.

आडनाव नसणं हेही नेहमीचं. 'महादू बिन राणू, मौजे मजकूर' एवढ्यावर भागवलेलं असतं. इथं काही शब्द नव्या वाचकाला हमखास चकवतात, म्हणून ते जरा सविस्तर.

'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'वलद' म्हणजेही तेच. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको: 'सखू कोम राघू' म्हणजे राघूची बायको सखू. पुष्कळ लोक 'कोम' म्हणजे जातजमात समजतात आणि राघू नावाची जात शोधत बसतात. 'भ्रतार' हा शब्दही तसाच, 'सखू भ्रतार राघू' म्हणजे सखूचा नवरा राघू. 'मजकूर' म्हणजे वर सांगितलेला. 'मौजे मजकूर' म्हणजे याच गावचा, तिथं काही मजकूर लिहिलेला नाही. 'अज्ञान' म्हणजे वयात न आलेला. अडाणी असा अर्थ घेऊन पणजोबांवर रागावू नये. 'मयत' म्हणजे वारलेला, आणि बापाच्या नावाआधी तो शब्द आला तर वर्दी दिली तेव्हा बाप हयात नव्हता. 'उमर' म्हणजे वय. 'माहे' म्हणजे महिना, 'इसम' म्हणजे माणूस, 'सदरहू' म्हणजे तोच. अक्षरापुढं दोन उभ्या दांड्यांसारखी खूण असेल तर शब्द तोडून लिहिलाय असं समजा. 'रा॥' म्हणजे राजश्री की राहणार, हे पुढं माणसाचं नाव आहे की गावाचं, यावरून ठरवायचं.

मोडी येत नसेल तरी पान निव्वळ बघून बरंच काही हाती लागतं. मोडीत आधी डावीकडून उजवीकडे आखी रेघ ओढून खाली अक्षरं लटकवत जातात, शब्द तोडत नाहीत, आणि वेलांटी-उकार एकेकच असतात. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घावरून 'दिनू' आणि 'दीनू' वेगळे ठरवू नयेत. आकडे मात्र बाळबोधाच्या जवळचे असतात. आणि आकडे वाचायला अनुक्रमांकाच्या रकान्यासारखा दुसरा गुरू नाही: त्या रकान्यात १, २, ३ हे त्याच कुलकर्ण्याच्या हातचे, क्रमाने लिहिलेले असतात. ते एका पट्टीवर उतरवून घ्या आणि तीच पट्टी तारखेच्या रकान्याला लावा. १ आणि ९, ३ आणि ६, ४ आणि ५ यांची अदलाबदल अशी पटकन पकडली जाते. त्यावरही शंका उरली तर वरची आणि खालची नोंद पाहा. वही नोंदणीच्या क्रमाने चालते, तेव्हा १२ आणि १४ तारखेच्या मधला संशयित आकडा १३ असण्याचीच शक्यता जास्त, ९३ तर नक्कीच नव्हे.

पूर्ण मजकूर लावायचा असेल तर मोडी वाचक गाठावा. सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे चौकशी केली की वाट सापडते. वाचकाला एकच ओळ कापून पाठवू नका. डावं-उजवं दोन्ही पान, रकान्यांच्या मथळ्यांसकट, आणि त्याच हाताची पुढचीमागची दोन पानं पाठवा. अक्षराची सवय लागल्याशिवाय चांगला वाचकही नाव पक्कं सांगत नाही.

तारीख आणि पत्रिका जुळत नाहीत, तेव्हा

घरात दाखला नसला तरी पत्रिका असते. तिची तारीख आणि रजिस्टरातली तारीख एका दिवसाने चुकते आणि मग घरात वाद होतात. बहुतेकदा दोन्ही बरोबर असतात.

शकाचं इसवी सन करताना ७८ मिळवायचे. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या काळाला ७९. म्हणजे शके १८३२ चा कार्तिक १९१० मध्ये पडतो, पण त्याच शकाचा माघ १९११ मध्ये. इथं सरसकट ७८ मिळवून लोक एक वर्ष चुकवतात. महसुली कागदात फसली सन दिसला तर ५९० मिळवा, जानेवारी ते मृगापर्यंत ५९१. फसली १३२० जून १९१० मध्ये सुरू झाला.

शकाचा आकडा पुसट असेल तर संवत्सराच्या, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षाच्या, नावावरून तो तपासता येतो. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो प्रभवापासूनचा संवत्सराचा क्रमांक. १८३२ अधिक १२ म्हणजे १८४४. ६० ने भागून बाकी ४४. चव्वेचाळिसावा संवत्सर 'साधारण'. पत्रिकेत 'साधारणनाम संवत्सरे' असेल तर शक पक्का. बाकी शून्य आली तर साठावा, म्हणजे क्षय.

वार संस्कृतात असतो: भानु, इंदु, भौम, सौम्य, गुरु, भृगु, मंद, अशा क्रमाने रविवार ते शनिवार. 'मंदवासरे' म्हणजे शनिवार. महिने आपल्याकडे अमान्त, म्हणजे शुद्ध पक्ष आधी आणि वद्य नंतर. उत्तरेकडचं पंचांग किंवा एखादं परकं अ‍ॅप लावलं तर वद्य पक्षातल्या तिथीचा महिना एकाने पुढं जातो. 'अधिक' किंवा 'निज' हा शब्द महिन्याआधी असेल तर तो वगळून हिशेब करू नका.

आता उदाहरण. समजा पत्रिकेत आहे: शके १८३२, कार्तिक शुद्ध १५, सौम्यवासरे, सूर्योदयात् गतघटी ५०, पळे ५०. रजिस्टरात आहे: ता. १७ माहे नोव्हेंबर सन १९१०. कार्तिकी पौर्णिमा त्या वर्षी बुधवारी, १६ नोव्हेंबरला. १७ ला तर गुरुवार. चूक कोणाची? घटी मोजा. एक घटी २४ मिनिटांची, एक पळ २४ सेकंदांचं. ५० घटी म्हणजे २० तास, ५० पळं म्हणजे २० मिनिटं. नोव्हेंबरच्या मध्यावर पुण्यात सूर्योदय साधारण ६ वाजून ४० मिनिटांनी. त्यात २० तास २० मिनिटं मिळवली की रात्रीचे ३ वाजतात. आपला वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री. जोशीबुवांच्या लेखी ती अजून बुधवारची रात्र, कारकुनाच्या लेखी १७ तारीख उजाडलेली. त्याच पहाटे खग्रास चंद्रग्रहण होतं, तेव्हा "ग्रहण लागायच्या जरा आधी झाला" अशी आठवण घरात टिकली असेल तर तिसरा पुरावा आयताच मिळाला. मध्यरात्र ते सूर्योदय या वेळातला जन्म नसेल आणि तरी एक दिवसाचा फरक पडत असेल, तर मात्र खरंच कोणीतरी चुकलंय.

घड्याळाची भानगड वेगळी. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासूनची. त्याआधी घड्याळं स्थानिक किंवा मद्रास वेळेवर असत, आणि पुण्याची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ३५ मिनिटं मागं आहे. युद्धकाळात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, देशभर घड्याळ एक तास पुढं होतं. त्या तीन वर्षांतला रात्री साडेबाराचा जन्म खऱ्या प्रमाणवेळेने आदल्या दिवशी साडेअकराचा ठरतो.

नावांचा गुंता

एका माणसाला तीन नावं सहज असत. पत्रिकेतलं राशीचं नाव, बारशाचं पाळण्यातलं नाव आणि हाक मारायचं. दाखल्यावर त्यांतलं कुठलंही येतं. राशीचं नाव 'ची, चो' असल्या अक्षरावरून पाडलेलं असतं आणि ते आयुष्यभर कोणी वापरत नाही. दगडू, धोंडू, केरू ही नावं आधीची मुलं दगावली की दृष्ट लागू नये म्हणून ठेवत. अशी नोंद दिसली की मागच्या पाचसात वर्षांतल्या मृत्यूच्या नोंदी चाळाव्यात. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्याने 'गोविंद रामचंद्र' आणि 'रामचंद्र गोविंद' यांची आलटून पालटून साखळी लागते. साल न बघता नाव जुळवलं तर पिढी गळते.

आजीची नोंद तिच्या सासरच्या नावाने कधीच सापडणार नाही. लग्नात नावही बदललेलं असतं. माहेरचं नाव, तिच्या बापाचं नाव आणि गाव, एवढं हातात असल्याशिवाय अर्ज भरू नका. दत्तक गेलेल्याचंही तसंच: जन्माची नोंद जन्मदात्याच्या घरी. सापडत नसलेला खापरपणजोबा बऱ्याचदा चुलत्याच्या किंवा मावशीच्या घरून आलेला असतो. शंका आली तर दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं दत्तकपत्र शोधावं.

दोन कागद भांडले तर कोणाचं ऐकायचं

शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यात जन्मतारीख १ जून असेल तर ती गुरुजींची तारीख आहे. जूनमध्ये शाळा सुरू, मुलगा सहाचा दिसतो, लिहा १ जून. त्यातलं साल वर्षभर इकडंतिकडं असू शकतं. पण त्याच उताऱ्यातलं गाव, बापाचं नाव आणि जात ही माहिती पालकाने समोर उभं राहून सांगितलेली, म्हणून जास्त भरवशाची. मृत्यूच्या नोंदीतलं वय ४०, ५०, ६० असं गोल असेल तर त्यावरून जन्मसाल काढताना पाच वर्षं अलीकडे-पलीकडे धरा.

ढोबळ क्रम असा ठेवता येईल. पंधरवड्याच्या आत घरच्या माणसाने दिलेली वर्दी सगळ्यांत वर. त्याच वेळी मांडलेली पत्रिका तिच्या बरोबरीने. मागाहून सुबक अक्षरात उतरवून काढलेली पत्रिका नव्हे. तिच्या खाली कोतवालाची वर्दी, मग शाळा, मग उशिराची नोंदणी, आणि सगळ्यांत खाली आधारकार्ड, कारण ते वरच्यांपैकी कशाच्या तरी आधाराने भरलेलं असतं. घरात देवी काढल्याचा, म्हणजे देवीची लस टोचल्याचा, जुना दाखला निघाला तर तो जपा. तो बाळ काही महिन्यांचं झाल्यावरचा असल्याने त्यात मुलाचं नाव असतं आणि नमुना १४ मधल्या बिननावाच्या नोंदीला त्यामुळे नाव मिळतं.

अर्ज करताना

अर्जात चार गोष्टी हव्यात: बापाचं पूर्ण नाव, आईचं नाव, जागा (पेठ व घर नंबर किंवा मौजे), आणि सालांचा पल्ला. एकच साल दिलं तर तेवढंच पाहून कारकून मोकळा होतो. अंदाजाच्या सालाच्या मागची दोन आणि पुढची तीन वर्षं मागा. रजिस्टर नोंदणीच्या तारखेने लावलेलं असतं, त्यामुळे डिसेंबरअखेरचा जन्म पुढच्या सालच्या वहीत जाऊ शकतो. १९६९ च्या कायद्याच्या कलम १७ खाली शोध मागता येतो. शोधाचं शुल्क वर्षांप्रमाणे लागतं, ते खिडकीवर आधी विचारून घ्या.

नोंद मिळाली नाही तर नमुना १० मधला अनुपलब्धता दाखला मागून घ्या आणि त्यावर कुठलं रजिस्टर, कोणती वर्षं पाहिली ते लिहिलंय का, ते बघा. "नोंद आढळून येत नाही" याचा अर्थ तेवढ्या वर्षांत, त्या नावाने, त्या दप्तरात नाही, एवढाच. वही जीर्ण असल्याने पाहता आली नाही असं उत्तर आलं तर ते लेखी घ्या, कारण ती वेगळी गोष्ट आहे आणि वही नीट केल्यावर तोच अर्ज पुन्हा करता येतो.

पान समोर आलं की मोबाईलने फोटो काढण्याची परवानगी मागा. आधी वहीचं मुखपृष्ठ, मग दोन्ही पानं मथळ्यांसकट, मग ओळ जवळून. शाई उडालेली असेल तर दिवा बाजूने, तिरका धरावा, समोरून फ्लॅश मारू नये. बोटाला थुंकी लावून पान उलटू नका. घरातल्या जुन्या दाखल्याला लॅमिनेशन तर मुळीच करू नका. उष्णतेने शाई आणि कागद दोन्ही बिघडतात आणि प्लॅस्टिक पुन्हा सोलून काढता येत नाही. साध्या जाड कागदाच्या लिफाफ्यात, घडी न घालता ठेवावा. आणि पाठकोरा दिसला तरी उलटून बघावा: तिकिटाचा शिक्का, अर्ज क्रमांक, दाखला नेणाऱ्याची सही मागच्याच बाजूला असते.